नंदूच्या कांजिण्या

लोंढे बाई नंदूला हाताला धरून दारात उभ्या होत्या. सकाळचे दहाही वाजले नव्हते. बालवाडी सुटायला अजून दोन तास होते.

"खोत, हिला घरी ठेवा," त्या म्हणाल्या. "पोटावर फोड आलेत. कानामागं पण दोन आहेत."

माझी बायको शालन पिठाच्या हातानंच बाहेर आली. मी नंदूचा फ्रॉक वर केला. पोटावर पाणी भरलेले बारीक बारीक फोड होते.

"सकाळी न्हाऊ घातली तवा एकच हुता," शालन म्हणाली. "मला वाटलं डास चावला."

"कांजिण्या आहेत," लोंढे बाई म्हणाल्या. "काल एका पोराला होत्या, आज तिघांना. उद्या बहुतेक शाळेत मी एकटीच असेन."

"मग कालच सांगायचं की बाई," मी म्हणालो.

"कालच सांगून काय केलं असतं खोत? तुम्ही तिला काढायचंच बघताय. ही मला म्हणते, बाई, आमचे बाबा मला शाळेतनं काढणार हायत."

त्या हसल्या. शालन हसली नाही. माझ्याकडं बघून आत गेली.

मी तेव्हा साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होतो. कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. वसाहतीतच गणपतीच्या देवळाशेजारी हॉल होता, त्यात बालवाडी भरायची. अठरा पोरं आणि लोंढे बाई. पाण्याला एक माठ, एक पेला. नाकं पुसायला बाईंच्या खांद्यावर एक नॅपकिन. एकच नॅपकिन आणि अठरा नाकं. नंदूला जूनमध्ये तिथं घातलं तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. त्याआधी तिला साधी सर्दी माहीत नव्हती. सोळाव्या दिवशी ती तापली आणि मग ते थांबलंच नाही. ताप उतरला की खोकला, खोकला गेला की जुलाब. गणपतीत गालफुगी. दिवाळीत डोळे आले, ते तिचे बरे झाल्यावर माझे आले. एकदा कान इतका दुखला की रात्रभर शालन तिला उभ्यानं घेऊन फिरली. पंधरा दिवस शाळेत गेली की आठ दिवस घरी.

कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर हेर्लेकर दर वेळी तेच सांगायचे. "खोत, पहिल्या वर्षी मुलं अशीच आजारी पडतात. आठ-दहा वेळा पडली तरी चालतं. आत्ता पडली की पहिलीत पडायची नाही. धीर धरा."

मला ते पटायचं नाही. मी मशीनवरचा माणूस. एकच बेअरिंग महिन्यात दोनदा गेलं, तर बेअरिंग बदलून भागत नाही, मूळ शोधावं लागतं. मूळ मला दिसत होतं. बालवाडी.

"काढ तिला," मी शालनला म्हणायचो. "पहिलीतच घालू एकदम."

"आणि तवर काय करायचं? बरणीत घालून लोणचं घालायचं पोरीचं?"

"आजारी तर पडायची न्हाई."

"मला बी असंच काढलं हुतं," ती म्हणायची. "दुसरीतनं. सारखा ताप येतो म्हणून. आबा म्हणलं, पुढच्या सालाला घालू. ते पुढचं साल आजून यायचं हाय. तुमच्या पगाराच्या कागदावर काय लिवलंय ते मला वाचता येत न्हाई. माझ्या पोरीला येऊ दे."



तर त्या दिवशी लोंढे बाई गेल्यावर शालन मला आत बोलावून हळूच म्हणाली, "तुमीच घेऊन जावा दवाखान्यात. मी आले तर डॉक्टर माझं तोंड बघून वळखंल."

तिला दिवस होते. दोन महिने झाले होते.

हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी पण तिला दिवस गेले होते. तेव्हा तिला आनंद आवरला नव्हता. दुसऱ्याच महिन्यात मला माहेरी पत्र लिहायला लावलं, शेजारणींना सांगितलं, कुणाकुणाकडनं चिंचा आणल्या. अडीच महिन्याला सगळं गेलं. आमच्याकडं तीन महिने भरल्याशिवाय बाहेर सांगत नाहीत. ते आपण मोडलं म्हणून गेलं, हे तिच्या मनात जे बसलं ते बसलंच. कुणाची तरी नजर लागली म्हणायची. कुणाची, ते नाव घ्यायची नाही, पण शेजारच्या मालनकाकूंच्या अंगणातनं जाताना पदर पोटावर घ्यायची.

ह्या खेपेला कळलं त्या दिवशी तिनं मला झोपलेल्या नंदूपाशी नेलं. "हिच्या डोस्क्यावर हात ठेवा," म्हणाली. "गुढीपाडव्याला तीन म्हयने भरत्यात. पाडव्याला मी सोता पेढं वाटीन. तवर तुमच्या तोंडातनं शब्द जायचा न्हाई. डॉक्टरला न्हाई, तुमच्या आईला न्हाई, कुणाला न्हाई."

"डॉक्टरला सांगितलं तर काय हुतंय?"

"डॉक्टरला सांगितलं की कंपाउंडरला कळलं. कंपाउंडरला कळलं की सगळ्या कॉलनीला. ठेवा हात."

शपथा-बिपथांवर माझा विश्वास नव्हता. पण तिचं तोंड बघून मी हात ठेवला.

माझी दुसरी पाळी होती, बाराला हजर व्हायचं. मी नंदूला खांद्यावर घेऊन दवाखान्यात गेलो. दवाखाना म्हणजे एक मोठी खोली. मधे हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडं डॉक्टरांचं टेबल, पलीकडं बाकडं. बाकड्यावर मालनकाकू पाय लांब करून बसल्या होत्या आणि गुरव कंपाउंडर त्यांच्या पायाला पट्टी बांधत होता. मालनकाकूंचा नवरा वजनकाट्यावर कारकून होता. उसाची गाडी काट्यावर यायच्या आधी गावातली बातमी काकूंकडं पोचायची.

"काय वो हणमंतराव, परत आजारी?" पडद्यापलीकडनं त्या म्हणाल्या. "ह्या पोरीच्या नावानं एक खाट टाका म्हणावं हितंच."

डॉक्टरांनी नंदूला उलटंसुलटं करून बघितलं. तिनं जीभ दाखवायची म्हणून दाखवली. तिला आता सगळं पाठ झालं होतं. डॉक्टर म्हणायच्या आधीच ती मोठा श्वास घ्यायची.

"कांजिण्या," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका. ह्या वयात सोप्या जातात. नखं कापा, खाजवू देऊ नका. अंगाला लावायला देतो. आठ-दहा दिवसांत खपल्या पडतील. घरात आणखी कोण कोण असतं?"

"मी आणि मंडळी."

"तुम्हाला येऊन गेल्यात?"

"लहानपणी. हे बघा की कपाळावर वण."

"आणि त्यांना?"

"आल्या असतील."

"असतील म्हणजे? विचारा." ते चिठ्ठी लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "त्यांना दिवसबिवस गेलेत का?"

पडद्यापलीकडं मालनकाकूंचं बोलणं थांबलं. गुरवाचं पण. नंदू माझ्या मांडीवर होती. तिचे केस घामानं ओले झाले होते आणि माझा हात तिच्या डोक्यावर होता.

"न्हाई," मी म्हणालो.

"मग ठीक," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चिठ्ठी पुरी केली.

परत येताना मला बरं वाटत नव्हतं. डॉक्टर उगाच विचारायचे नाहीत. मी ठरवलं, रात्री आठला पाळी सुटली की एकट्यानं जायचं. दार लावून घ्यायचं आणि सांगायचं, साहेब, तुमच्यापाशीच ठेवा. शालनला कळायचं नाही.

घरी आल्यावर शालननं विचारलं, "काय म्हणलं डॉक्टर?"

"काय न्हाई. आठ दिवस. तुला आल्या हुत्या का गं कांजिण्या?"

"काय की. आई आसती तर सांगितलं आसतं. का?"

"काय न्हाई. असंच."

त्या रात्री दवाखाना बंद होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांगलीला गेले होते. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मिलचा रोलर जाम झाला आणि गाळप थांबलं. ऐन हंगाम, यार्डात गाड्यांची रांग लागलेली, तीस तास आम्ही कुणी घरी गेलो नाही. मी आलो तेव्हा नंदूचा ताप उतरला होता. शालन ठणठणीत होती. अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरून दोघी बसल्या होत्या आणि शालन बोट लावून नंदूचे फोड मोजत होती. वीसच्या पुढं शालनला पण नीट यायचं नाही. तिथं दोघी अडकायच्या आणि पुन्हा एकपासून सुरू करायच्या. नंदू हसत होती. दोन तास झोपून मला परत कामावर जायचं होतं. म्हटलं, आता काय सांगायचं? सगळं निभावलं की.

त्या आठवड्यात शालन तिच्यापासून हलली नाही. घरात फोडणी नाही, तिखट नाही. मालनकाकूंनी येऊन सगळं सांगून ठेवलं होतं आणि शालन ते पाळत होती. दुपारी नंदू आईच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची. मी एकदा म्हणालो, "पोटावर कशाला घेतीस?" तर ती म्हणाली, "आसू दे. दोघांची वळख हुतीया."

नवव्या दिवशी नंदूला पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घातली. पोरगी मोकळी झाली. पहिल्यांदाच असं झालं की ती दवाखान्याच्या बाटल्यांशिवाय बरी झाली. शालन मला म्हणाली, "बघा. डॉक्टरकडं पळत हुतो सालभर. नुसतं घरात बसून ब्येस झाली."

तिला ताप आला तो त्यानंतर पाचव्या दिवशी. दुसऱ्या सकाळी कपाळावर, मग गळ्यावर, मग पाठीवर. नंदूपेक्षा किती तरी जास्त. तोंडात पण आले. मी कामावरनं आलो तर ती भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि नंदू तिच्या पाठीवरचे फोड मोजत होती.

"घ्या," शालन म्हणाली. "लेकीनं दिलं, मी ठेवून घेतलं."

नंदूला गंमत वाटली. "मी दिलं, मी दिलं," म्हणून ती नाचली.

"डॉक्टरला बोलवतो," मी म्हणालो.

"कशाला? हिला आठ दिवसांत उतरलं, मला दहा लागतील. डॉक्टर आला की विचारणार. मग सांगावं लागंल. धा-बारा दिवस राह्यल्यात वो पाडव्याला. काढू की."

आता तरी मी सांगायला पाहिजे होतं. डॉक्टरनं विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो, एवढंच वाक्य. ते तोंडात आलं होतं. पण ती घाबरेल असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, तिनं मला विचारलं असतं, मग इतके दिवस का बोलला नाहीत? 

तिसऱ्या दिवशी ती खोकायला लागली. चौथ्या दिवशी सकाळी मला हाक मारली तर आवाज नीट निघाला नाही. दोन शब्द बोलायची आणि थांबायची. ओठ निळसर दिसत होते. मी अनवाणी पळालो.

डॉक्टर हेर्लेकर स्कूटरवरनं आले. शालनच्या पाठीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. "जीप आणा," गुरवाला म्हणाले. "ऑफिसला सांगा, माझं नाव सांगा. सांगलीला न्यायचं." मग शालनच्या कानाशी वाकून त्यांनी काही विचारलं. शालननं माझ्याकडं बघितलं. मी मानेनंच सांग म्हटलं. तिनं तीन बोटं वर केली. मग एक अर्धवट मिटलं, म्हणजे तीन पुरे नाहीत अजून.

डॉक्टर उभे राहिले. मला बाहेर घेऊन आले. अंगणात मालनकाकू होत्या, त्यांना त्यांनी हातानं लांब व्हायला सांगितलं.

"खोत," ते म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"व्हय."

"तुम्ही नाही म्हणालात."

 ते आणखी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सांगलीच्या दवाखान्यात तिनं दीड दिवस काढला. नळ्या लावलेल्या असताना एकदा हातानं मला खुणावलं. मला वाटलं पाणी. पाणी नको होतं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. सांगू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ती गेली. पोटातलं बाळ तिच्याबरोबर गेलं.

डॉक्टर हेर्लेकरांनी वसाहतीत कुणाला काही सांगितलं नाही. कांजिण्या छातीत उतरल्या, एवढंच म्हणाले. मीही तेवढंच म्हणालो. पाडव्याला घराघरांवर गुढ्या होत्या. आमच्या घरी सुतक होतं आणि माणसं जमली होती. शालनची आत्या आली होती. ती नंदूला मांडीवर घेऊन रडत होती. रडता रडता म्हणाली, "काय गं माझी बाय, तू शाळेतनं आणलंस आणि आईला दिलंस."

तिच्या मनात वाईट नव्हतं. बायका रडताना बोलतात तसं बोलली.

त्या रात्री नंदूला मी माझ्याजवळ घेतलं. तिला आईच्या पोटावर झोपायची सवय. तिनं माझ्या पोटावर डोकं ठेवून बघितलं, मग उचललं.

"बाबा, मी दिलं?"

नाही म्हणायला काय लागत होतं? पण नाही म्हटलं की तिनं विचारलं असतं, मग कुणी दिलं? चार वर्षांची पोर. तिला काय सांगणार होतो? मी म्हणालो, "झोप."

ती झोपली. त्यानंतर तिनं तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. मला वाटलं, विसरली.

जूनमध्ये मी तिला परत बालवाडीत पाठवलं. शालनचं तेवढं तरी राहावं म्हणून. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. पहिलीपासून दहावीपर्यंत ती आजारपणानं एक दिवस घरी राहिली नाही. मी दुसरं लग्न केलं नाही. तिला शिकवलं, कोल्हापुरात चांगल्या घरी दिली. तिला मुलगा झाला, पार्थ. तो तीन वर्षांचा झाला आणि त्याला खेळशाळेत घातलं. पुढं काय झालं ते ज्यांच्या घरात लहान पोर आहे त्यांना सांगायला नको. ताप, सर्दी, खोकला, परत ताप.

मागच्या वर्षी सलग तीन रविवार नंदूनं मला फोनवर सांगितलं, "बाबा, येऊ नका. पार्थला बरं नाही." चौथ्या आठवड्यात म्हणाली, "त्याचं नाव काढलं मी शाळेतनं. आणि तुम्ही येऊ नका." मी न सांगता गेलो.

तिसरा मजला चढून बेल वाजवली. तिनं आतलं दार उघडलं. बाहेरचं लोखंडी जाळीचं दार उघडलं नाही.

"बाबा! कशाला आलात? ताप आहे त्याला."

"मग काय झालं? दार तर उघड."

"नाही. तुमचं वय झालंय. दम लागलाय बघा आत्ताच. जा तुम्ही, मी फोन करते."

"नंदू, पोरं आजारी पडतातच पहिल्या वर्षी. डॉक्टर काय म्हणाले?"

"तेच म्हणाले. मला माहीत आहे ते."

"मग शाळा का सोडवलीस? तुझ्या आईनं तुझी सोडवली नाही."

तिनं जाळीला हात लावला. "बाबा, त्याच्या आजाराची मला भीती नाही. तो होईल बरा. त्यानं कुणाला तरी दिला तर? सासूबाईंना दिला, तुम्हाला दिला, आणि काही झालं तर? तो मोठा होऊन काय करेल? कसा जगेल?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला विचारा."

मला काही क्षण कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा मी जाळी धरली.

"तू नाही दिलंस," मी म्हणालो.

"जाऊ दे बाबा. मोठी झालेय मी. मला सगळं माहीत आहे."

"तुला काही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

मी तिला तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. डोक्यावर ठेवलेला हात. हिरवा पडदा. डॉक्टरांनी काय विचारलं आणि मी काय म्हणालो. मी खरं बोललो असतो तर त्यांनी शालनला त्याच दिवशी लांब ठेवलं असतं, औषध दिलं असतं, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं असतं. ती वाचली असती की नाही हे मला सांगता येत नाही. पण तिला वाचवायची वेळ माझ्याकडं होती आणि ती मी घालवली, एकदा दवाखान्यात आणि मग पुढं रोज घरात. फोड तुझ्याकडनं आले, नंदू. पण तू चार वर्षांची होतीस. विचारलं होतं मला.

ती ऐकत होती. मधेच दाराच्या आत खाली फरशीवर बसली. मी पण पायरीवर बसलो. मधे जाळी.

"आईला दिवस होते?" तिनं विचारलं.

"होते."

"कितवा महिना?"

"पाडव्याला तीन भरणार होते. ती गेली तेव्हा नऊ दिवस राहिले होते."

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"डॉक्टरांना होतं. ते गेले."

 आतनं पार्थनं हाक मारली, ती "आले" म्हणाली आणि उठली नाही.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "त्या रात्री. मला आठवतंय."

"विचारलं होतंस."

"शाळेत जाताना रोज मी आईच्या फोटोपुढं कान धरायची. तुम्ही लोकांना सांगायचात, पोरगी फार देवभोळी आहे. मी देवभोळी नव्हते हो बाबा. मी माफी मागत होते. दहावीपर्यंत."

 ती उठली. माझ्याकडं बघितलं, कसं बघितलं ते मला लिहिता येणार नाही, आणि आतलं दार लावून घेतलं.

मी पायरीवरच बसून राहिलो. वरच्या मजल्यावरची एक बाई भाजी घेऊन आली. म्हणाली, "आजोबा, कुणी नाही का घरात?"

"आहेत," मी म्हणालो.

ती गेली. तासभर झाला असेल.  मग आतलं दार उघडलं. मग जाळीची कडी वाजली. नंदू पार्थला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिचे डोळे कोरडे होते.

"घ्या ह्याला," ती म्हणाली.

"नंदू, तू म्हणालीस ना—"

"घ्या. मला आत जाऊन रडायचंय."

तिनं पोराला माझ्या हातात दिलं आणि ती आत गेली. जाळीचं दार तिनं उघडंच ठेवलं. पार्थनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि खांद्यावर मान टाकून दिली. त्याचं अंग चांगलंच तापलं होतं.